बेरिंगवरचा हात

आमच्या घराची मागची भिंत गिरणीची होती. भात भरडायची ती गिरण शेठची, आणि तिच्या इंजिनघराला टेकून काढलेल्या दोन खोल्या इंजिन चालवणाऱ्या माणसासाठी. तो माणूस म्हणजे माझे वडील. रेवसच्या धक्क्यापासून आत, खाडीच्या बांधाने चालत गेलं की भातशेतीच्या मधोमध ती पत्र्याची इमारत होती, पण दिसायच्या आधी ती ऐकू यायची. सकाळी इंजिन सुरू झालं की आमच्या घरातली प्रत्येक वस्तू जागी व्हायची. फळीवरची पितळी भांडी बारीक किणकिणायची, हंड्यातल्या पाण्यावर गोल रेघा उमटायच्या, खुंटीवरचा कंदील आपल्याशीच कुरकुरायचा. भिंतीला पाठ टेकून पाढे म्हणताना ती थरथर माझ्या दातांपर्यंत पोचायची. पुढे मुंबईला नोकरीला लागलो तेव्हा पहिले काही महिने मला चैन पडेना, आणि त्याचं कारण बऱ्याच दिवसांनी कळलं. तिथली भिंत गप्प होती.

तूस आणि कोंडा सगळीकडे असायचा. आई भाकरीचं पीठ मळताना परातीवर फडकं धरून मळायची, तरी भाकरीत कोंड्याची कचकच यायचीच. "आपन काय जनावरं हाव काय, कोंडा खायाला," असं ती रोज म्हणायची आणि रोज तांदळाची पांढरी पातळ भाकर तव्यावरून थेट आमच्या ताटात टाकायची. सोबत भाजलेली सुकट, पांढरा कांदा, आणि बाबांना आवडायचं म्हणून आठवड्यातून एकदा वालाचं बिरडं. जेवताना कोणी हळू बोलत नसे. इंजिनाच्या वरचा आवाज लावून बोलायची आम्हाला सवय होती. माझी धाकटी बहीण कमळ तर इतकी मोठ्याने बोलायची की, शाळेत बाई तिला वर्गाबाहेर उभं करून तिथून कविता म्हणायला सांगत.

बाबांचं नाव हिराजी, पण सगळे हिरूतात्या म्हणत. इंजिन गरम झालं, पट्टा चढला, भाताचं टरफल काढणारा हालर फिरू लागला की ते एक फेरी मारत. इंजिनाची फिरकी हालरापर्यंत नेणाऱ्या मोठ्या शाफ्टच्या दोन टोकांना दोन बेरिंगं होती. त्यांच्या टोपणावर ते डावा हात ठेवत. तळहाताला घट्टे पडलेले होते, म्हणून करंगळीकडची मऊ कड लावत. डोळे मिटत. भाताच्या गोण्या घेऊन रांगेत बसलेली माणसं तेवढ्यापुरती गप्प होत. मग बाबा म्हणत, "चालू द्या," आणि पहिली गोण हालरात रिकामी व्हायची. ही आमच्या गिरणीची रीत होती. भाताच्या चारच गोण्या आणलेला शेतकरीही ती रीत पार पडल्याशिवाय घाई करत नसे. भरडलेला तांदूळ खाली पडायला लागला की त्याच हाताची ओंजळ बाबा त्याखाली धरत, फुंकर मारून तूस उडवत, आणि कणी जास्त निघतेय का ते बघत. आसपासच्या गावांनी खाल्लेल्या तांदळाला असा एकदा तरी बाबांचा हात लागलेला असायचा. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

मुंबईत मी एका कापड गिरणीच्या दुरुस्ती खात्यात लागलो. तिथे आमच्या वयस्क साहेबांकडे एक परदेशी यंत्र होतं, मुठीत मावेल एवढं. घड्याळासारखी चावी द्यायची, पुढची टोकदार सळी बेरिंगवर टेकवायची, की आत काजळी धरलेली कागदाची पट्टी सरकू लागे आणि तिच्यावर एक सुई यंत्राची थरथर रेघेने काढू लागे. कामगार त्याला नाडी म्हणत. चाकाच्या एका फेऱ्याला एक गुळगुळीत लाट आली तर चाक थोडं एका बाजूला जड आहे, एवढंच. एका फेऱ्यात दोन उंचवटे आले तर काहीतरी सैल आहे किंवा शाफ्ट सरळ रेषेत नाही. आणि लाटेवर करवतीसारखे बारीक, वेडेवाकडे दात दिसायला लागले तर बेरिंग खराब व्हायला लागलं आहे. साहेब म्हणत, एकटी पट्टी काही सांगत नाही, कालची पट्टी आजच्या पट्टीशेजारी ठेव, मग बघ. आज माझ्या खात्यातल्या मुलांकडे पडद्यावर आलेख काढणारी उपकरणं आहेत, प्रत्येक थरथर वेगळी करून दाखवणारी. मी त्यांना अजून हेच एक वाक्य सांगतो. ते ऐकून घेतात आणि मी वळलो की हसतात, हे मला माहीत आहे.

एका शिमग्याला साहेबांनी ते यंत्र मला गावी न्यायला दिलं. "पाण्यात पाडलंस तर तूही पाण्यातच राहा," एवढंच म्हणाले. लाँचमध्ये मी ते मांडीवर धरून बसलो. त्या वर्षी गिरणीच्या दोन्ही बेरिंगांची पट्टी काढली. लाट गुळगुळीत होती. बाबांनी ती उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "म्हंजे माजा हात कागदावर उतरला म्हन की." ते खूश होते. मीही होतो. ती पट्टी मी मुंबईला ट्रंकेत जपून ठेवली.

पुढच्या शिमग्याला परत यंत्र आणि ती जुनी पट्टी घेऊन आलो. हंगाम जोरात होता, रांग बाहेरच्या पिंपळापर्यंत गेली होती. बाबांनी हात ठेवला, डोळे मिटले, "चालू द्या" म्हणाले. त्यानंतर मी सळी टेकवली. पट्टी बाहेर आली तेव्हा मला वाटलं, काजळी नीट धरली नाही. दुसरी काढली, तिसरी काढली. हालराच्या बाजूच्या बेरिंगवर लाट दुभंगली होती आणि तिच्यावर दात होते. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "हिरूतात्या, तुजा पोरगा जोशी झाला काय? इंजनाची पत्रिका काडतो."

"मंगळ हाय काय बघ रं," दुसरा म्हणाला. "न्हायतर आमचा तांदूळ बिनलग्नाचा ऱ्हायचा."

बाबाही हसले. मी पट्टी दाखवली तेव्हा त्यांनी या वेळी ती उजेडात धरली नाही. "तुज्या कागदाला सर्दी झालीया," म्हणाले आणि पट्ट्याकडे निघून गेले.

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायलाच हवं. मला आनंद झाला. बाबांच्या हाताला जे कळलं नाही ते मला कळलं, याचा आनंद. तो फार वेळ टिकला नाही, दुपारच्या जेवणापर्यंतसुद्धा नाही. पण झाला होता, आणि आज पन्नाशी ओलांडल्यावर, इतकी यंत्रं तपासून झाल्यावरही, एखाद्या बेरिंगची पट्टी वाकडी आली की तो आनंद अजून वर येतो आणि मग मला स्वतःची लाज वाटते.

घरात आलो तर काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. थोड्या वेळाने लक्षात आलं, भांडी वाजत नव्हती. इंजिन चालू, भिंत थरथरतेय, आणि फळी गप्प. जवळ जाऊन पाहिलं. प्रत्येक हंड्याखाली, प्रत्येक तांब्याखाली आईने जुन्या लुगड्याच्या घड्या घालून ठेवल्या होत्या.

"आये, हे काय?"

"कमळीला बघायला पालीकडची मान्सं आलीवती," आई म्हणाली. "भांड्यांनी नुसता कालवा मांडला. पोराचा बाप मला इचारतो, बोलतंय कोन, मुलगी का हंडा? मग घातल्या चिंध्या. बरं झालं ना? पसंत पडली."

"एवढी कधीपासून वाजतात?"

"दिवाळीनंतर. तो तांब्या तर मेला नाचत नाचत खाली येतो."

मी तांब्याखालची घडी काढली. तो खणखणू लागला आणि माझ्या डोळ्यांसमोर फळीच्या कडेकडे सरकू लागला. माझ्या लहानपणी त्या फळीवरून कधी काही पडलं नव्हतं. म्हणजे कागदाला सर्दी झाली नव्हती. घर चार महिने ओरडून सांगत होतं, आणि आम्ही त्याच्या तोंडात चिंध्या कोंबल्या होत्या. मला राहून राहून एकच कोडं पडलं होतं. भांड्यांना कळतं, कागदाला कळतं, मग रोज हात ठेवणाऱ्या बाबांना कसं कळत नाही?

जेवायला बसलो. पुरणपोळी होती, वर दूध. बाबा उजव्या हाताने जेवत होते, डावा हात मांडीवर उपडा ठेवला होता. करंगळीच्या मुळाशी एक मोठा फोड फुटून ओला झाला होता.

"हे कधी भाजलं?" मी विचारलं.

"काय?" बाबांनी माझ्या नजरेच्या रोखाने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाचा हात असावा तसं. "लागलं असंल धुराच्या पाइपाला."

"दुखत नाही?"

"न्हाय. फोड हाय, त्यात काय दुखायचं?"

आई दुधाचं भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "परवा पन असंच. जळकं लाकूड बाजूला सारलं, हाताला वास सुटला तवा मी वरडले." आणि ती चुलीकडे वळली. मुंबईत आमच्या गिरणीच्या दवाखान्याच्या भिंतीवर एक चित्र होतं. औषधाच्या रांगेत उभं राहून मी ते शंभरदा वाचलं होतं. चटका बसतो पण कळत नाही असा हात, कोपराजवळ फिकट चट्टा, आणि खाली त्या रोगाचं नाव. आमच्याकडे तेव्हा ते नाव कोणी घरात उच्चारत नसे. बाबांच्या बाहीच्या खाली, कोपराच्या जरा वर, फिकट चट्टा होता. तो मी वर्षभरापूर्वी पाहिला होता आणि गजकर्ण समजलो होतो.

दुपारी मी बाबांना बांधावर नेलं. ओहोटी होती, खाडीचा चिखल उघडा पडला होता, आणि माणसं दूर होती. मी सगळं सांगितलं, जमेल तितकं सरळ. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही.

"कुनाला बोललास?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही."

"आयेला?"

"नाही."

"कमळीचं जमतंय," ते म्हणाले. तेवढ्या दोन शब्दांत सगळं आलं होतं. हे बाहेर फुटलं तर पालीची माणसं परत येणार नव्हती. गिरणीत कोणी भात आणणार नव्हतं, कारण आजवरचा सगळा तांदूळ त्याच हातातून गेला होता. आणि आम्हाला त्या दोन खोल्यांतूनच नाही, गावातूनही जावं लागलं असतं. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

"बेरिंग खरंच गेलंय?"

"खरंच."

"किती दिस काडंल?"

"सांगता येत नाही. महिनाभर चालेल, नाहीतर उद्या तापून वितळेल. शाफ्ट खाली बसला तर पट्टा सुटून जवळच्या माणसांवर येणार."

पट्ट्याच्या बाजूला गोण्या भरणाऱ्या बाया बसत. आमची कमळसुद्धा हंगामात त्यांच्यात बसे. बाबा खाडीकडे बघत म्हणाले, "मग बंद कराय पायजे."

"पण शेठ विचारणार, तुमच्या हाताला कसं कळलं नाही."

बाबा धोतर झटकून उठले आणि इंजिन बंद करायची वेळ झाली म्हणून चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेठना पट्ट्या दाखवल्या, गेल्या वर्षीची आणि या वर्षीची, शेजारी शेजारी. शेठ चांगला माणूस होता, पण हंगामाच्या मध्यावर गिरण थांबवायची म्हटल्यावर त्याने पट्ट्या माझ्याकडे परत सरकवल्या. "दत्ता, तू शिकलेला," तो म्हणाला, "पन ही गिरण तुज्या कागदावर न्हाय चालत. हिराजीच्या हातावर चालते. हिराजी, इकडं ये. पोरगा म्हनतो बेरिंग गेलं. तू काय म्हनतोस?"

इंजिन चालू होतं. रांगेतली माणसं उठून दाराशी आली. बाबा बेरिंगजवळ गेले आणि त्यांनी डावा हात ठेवला, तसाच, करंगळीकडची कड लावून. डोळे मिटले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ते काय ऐकत होते? त्या हातात काही पोचत नव्हतं, हे तिथे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. एरवी लागे त्यापेक्षा जास्त वेळ त्यांनी हात ठेवला.

"थांबा," ते म्हणाले.

"काल तर चालू द्या म्हनलास," शेठ म्हणाला.

"काल न्हवतं. आज लागतंय. बंद करा."

इंजिन थांबलं. टोपण उघडलं तेव्हा आतलं पांढऱ्या धातूचं अस्तर एका बाजूने फाटून निघालं होतं आणि त्याचे चुरे तेलात चमकत होते. सगळे वाकून बघत होते. पत्रिकेची थट्टा करणारा म्हातारा बाबांकडे आला, त्यांचा डावा हात त्याने दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "ह्यो हात हाय का काय हाय रं हिरू." बाबांनी हात ओढून घेतला. म्हाताऱ्याला वाटलं, लाजला. माझ्या पट्ट्यांबद्दल कोणी काही बोललं नाही, आणि मला बरं वाटलं.

नवं अस्तर ओतून आणायला आठ-दहा दिवस गेले. मी रजा वाढवली. गिरण परत सुरू झाली त्या सकाळी हालराच्या तोंडातून तांदूळ पडू लागला, बाबांनी सवयीने ओंजळ धरली, फुंकर मारली, आणि थोडा तांदूळ माझ्याकडे केला, बघायला, लहानपणापासून करत तसा. माझा हात पुढे झाला नाही. मी काही ठरवलं नव्हतं. तो नुसता झाला नाही. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ओंजळ सुपात रिकामी केली. त्यानंतर त्यांनी कधी मला तांदूळ दाखवला नाही, मलाच काय, कुणालाच नाही. ते काठीने ढकलून बघत. तो रोग असा हातातून हातात जात नाही, हे मला डॉक्टरांनी पुढे चार वेळा समजावून सांगितलं. चारही वेळा मला त्या सुपाचा आवाज ऐकू आला.

वैशाखात कमळचं लग्न झालं. पाऊस लागून गिरण बंद झाली तेव्हा बाबांनी शेठला सांगितलं, पोराकडं जाऊन राहतो, आता होत न्हाय. शेठने खूप थांबवलं. रांगेतल्या लोकांनी तर हिरूतात्याच्या हातावाचून गिरण कशी चालायची म्हणून आईलाही विनवलं. आई फक्त "व्हय, व्हय" करत राहिली. तिला बाबांनीच सांगितलं होतं, कधी ते मला माहीत नाही. कमळला आम्ही फार वर्षांनी सांगितलं, तिची मुलं मोठी झाल्यावर. हे लिहू का, असं गेल्या महिन्यात तिला विचारलं. तिच्या मोठ्या आवाजात, माजघरातून, ती म्हणाली, "लिही की. आता कोन मला परत धाडतंय?"

बाबांनी पांढऱ्या गोळ्या किती वर्षं खाल्ल्या ते मोजलं नाही. वेळेत सुरू झाल्या, त्यामुळे बोटं राहिली. करंगळी तेवढी थोडी आत वळली. ते माझ्याजवळ बरीच वर्षं जगले आणि अखेरपर्यंत कुठल्याही चालत्या यंत्रापाशी गेले की उजवा हात टेकवून बघत.

पण मला सांगायचा आहे तो दवाखान्यातला पहिला दिवस. रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरलो आणि तिथून दवाखान्यात गेलो. बाकावर बसलेल्या माणसांकडे बाबा बघत नव्हते. डॉक्टर तरुण होते, घाई नसलेले. त्यांनी बाबांना टेबलावर हात ठेवायला सांगितला, डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची बारीक वात केली. "मी लावली की सांगा, लागतंय का."

त्यांनी वात करंगळीला लावली. "व्हय," बाबा म्हणाले. अनामिकेला लावली. "व्हय." तळहाताच्या कडेला. "व्हय, लागतंय." मग डॉक्टरांनी वात उचलून हवेतच धरली आणि काही न लावता थांबले. "व्हय," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला जमिनीकडे बघावंसं वाटत होतं.

"बाबा," मी म्हणालो, "इथं कोणी गिरण थांबवायला आलेलं नाही."

त्यांचे डोळे मिटलेलेच होते. डॉक्टरांनी परत करंगळीला वात लावली आणि विचारलं नाही, नुसते थांबले. बाहेर कोणीतरी नावं पुकारत होतं.

"न्हाय," बाबा म्हणाले.

वात अनामिकेवर गेली. "न्हाय." तळहाताच्या कडेला. "न्हाय." मग ती हळूहळू आत सरकत गेली, बोटभर, अर्धं बोट, आणि तळहाताच्या मध्याजवळ बाबांच्या पापण्या हलल्या. "हितं लागतंय," ते म्हणाले. "हितनं पुढं लागतंय."

डॉक्टरांनी निळ्या पेन्सिलीने तिथे एक रेघ काढली, मनगटापासून बोटांपर्यंत. बाबांनी डोळे उघडले आणि हात जवळ आणून त्या रेघेकडे निरखून पाहिलं, अलीकडचा भाग, पलीकडचा भाग.

"एवढंच गेलंय व्हय?" त्यांनी विचारलं.

"एवढंच," डॉक्टर म्हणाले.